कोणाला कोणती गल्ली

थोरली स्टुलावर चढली तेव्हा गल्लीत बऱ्यापैकी माणसं जमली होती. तिने घसा साफ केला, हात उजवीकडे केला आणि म्हणाली, "हे गटार बघा." मग तिने स्वतः ते पाहिलं.

गटार साफ होतं. काठाने पांढरी पावडर टाकलेली होती आणि फुटक्या झाकणाच्या जागी नवं झाकण बसलं होतं. भोवतीचं सिमेंट इतकं ताजं होतं की त्यावर कुत्र्याच्या पायांचे ठसे उमटले होते.

"बघितलं ताई," गर्दीतून एकजण म्हणाला. "चांगलं आहे की."

लोक हसले. हसण्यात दुष्टावा नव्हता, पण भाषणाचा जीव तिथेच गेला. थोरली नंतर पाणीपट्टीवर बोलली, रुग्णालयाची लॉन्ड्री खासगी माणसाच्या घशात घालण्याच्या बेतावर बोलली. ती स्वतः त्याच लॉन्ड्रीत काम करत होती आणि रोलरच्या खडखडाटावर आवाज चढवून बोलायची तिला सवय होती. तरीही ज्या वाक्यावर भाषण उभं करायचं होतं, तेच सकाळी कोणीतरी उचलून नेलं होतं.

धाकटी मागे भिंतीला टेकून उभी होती. ती बहिणीकडे बघत नव्हती. ती लोकांकडे बघत होती, आणि लोकांपेक्षा जास्त स्टुलाशेजारी उभ्या असलेल्या तिघांकडे.

पालिकेची निवडणूक जवळ आली होती. थोरली समाजवादी पक्षाची उमेदवार होती. तिच्यासमोर होता कंत्राटदार, जो आधीपासून त्या भागाचा नगरसेवक होता आणि ज्याच्या माणसांनी इतकी वर्षं गटाराला हात लावला नव्हता. आता मात्र थोरली ज्या गल्लीत बोलायची, तिथलं मोडलेलं सगळं ती पोचायच्या आधी दुरुस्त होत होतं. आधी एका गल्लीतले खड्डे बुजवले गेले. मग दुसऱ्या गल्लीतली पडकी भिंत उभी राहिली. आणि आज हे गटार.

पक्षाची खोली सायकल दुरुस्तीच्या दुकानावर होती. जिन्यापासून पंक्चरच्या सोल्यूशनचा वास यायचा. आत एक लांब टेबल, न जुळणाऱ्या खुर्च्या आणि गावाचा एक मोठा नकाशा होता. तो नकाशा मास्तरांनी शाळेतून निवृत्त होताना मागून आणला होता. मास्तर भूगोल शिकवायचे. थोरलीला लॉन्ड्रीतल्या पहिल्या संपात त्यांनीच उभं केलं होतं, अक्षरशः दंडाला धरून.

"योगायोग असेल," मास्तर म्हणाले.

"पहिल्यांदा योगायोग, दुसऱ्यांदा नशीब," कंडक्टरबाई म्हणाली. ती बसवर होती आणि गणवेश न बदलताच आली होती. "तोच माणूस तिसऱ्यांदा फुकट बसला की मी तिकीट मागते."

वायरमन खिडकीत उभा होता. तो या तिघांत सगळ्यात नवा. "आपल्यातलंच कोणीतरी आहे," तो म्हणाला.

 प्रत्येकाने आपापल्या चहाच्या पेल्यात पाहिलं.

"असलं तर गावाचं भलंच झालं म्हणायचं," मास्तर म्हणाले. "गटार साफ झालं ना?"

"त्याच्या नावावर झालं, मास्तर."

"गटाराला नाव नसतं."

"मताला असतं," कंडक्टरबाई म्हणाली.

पुढची गल्ली कोणती, हे त्या खोलीत सगळ्यांसमोर ठरायचं. तो त्यांचा नियमच होता, सगळ्यांना सगळं. जुन्या एका संपात दोघातिघांनी बंद दाराआड मालकाशी बोलणी उरकली होती आणि बाकीच्यांना ते कामावर गेल्यावर कळलं होतं. तेव्हापासून मास्तरांनी हा नियम लावून धरला. एकाला कळलं ते सगळ्यांना कळलं पाहिजे. ज्याच्या एकट्याच्या पोटात गोष्ट राहते, त्याचं पोट दुखतं आणि पक्षाचंही.

धाकटी पक्षात नव्हती. ती पालिकेच्या पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत होती आणि पालिकेच्या नोकराने पक्षात असायचं नसतं. पण बहीण उभी राहिली म्हणून ती पत्रकांच्या घड्या घालायची, स्टूल उचलायची आणि बैठकीत कोपऱ्यात बसायची. तिला वाटायचं, कोपऱ्यातलं माणूस कोणाच्या डोळ्यांवर येत नाही.

दोन दिवसांनी कंडक्टरबाई घरी आली. निमित्त होतं परत करायच्या डब्याचं. धाकटी आतल्या खोलीत होती आणि स्वयंपाकघराचं दार नीट लागत नसे.

"माझ्या मनात काही नाही हं," कंडक्टरबाई थोरलीला म्हणत होती. "पण तुझी बहीण पालिकेचा पगार खाते. कंत्राटदार उठसूट पालिकेत. एवढंच म्हणते."

"ती माझी बहीण आहे."

"म्हणून तर म्हटलं, माझ्या मनात काही नाही."

माझ्या मनात काही नाही, हे माणूस मनातलं सगळं बोलून झाल्यावर म्हणतं. धाकटी तशीच बसून राहिली. थोरली पुढे काय म्हणते याची ती वाट बघत होती.  फक्त डबा घासून फडताळात ठेवल्याचा आवाज आला.

त्या रात्री जेवताना आईने सहज विचारलं, "आता कुठल्या गल्लीत आहे गं तुझं?"

"ठरायचंय अजून," थोरली म्हणाली.

ते ठरलं होतं. धाकटी त्या बैठकीला हजर होती. पण ताटावरून थोरलीची नजर उठली ती थेट भिंतीवर गेली, मध्ये धाकटी बसली होती तिला वळसा घालून.

आई दोघींकडे बघत राहिली. "घरात घूस शिरली की आधी भांडी संशय घेतात एकमेकांवर," ती म्हणाली, आणि आणखी काही न बोलता उठली.

धाकटीला वाईट वाटलं, पण त्याहून जास्त, आकडेमोड अर्धवट राहिल्यासारखं ते असह्य झालं. संशय हवेत ठेवून जगणं तिला जमत नसे. दुसऱ्या दिवशी ती लॉन्ड्रीच्या मागच्या दाराशी बहिणीची वाट बघत थांबली. पाळी सुटल्यावर थोरली बाहेर आली. तिचे हात वाफेने लाल झाले होते.

"ताई, तुला माझा संशय आहे?"

"नाही."

"थोडा?"

थोरलीने उत्तर दिलं नाही. धाकटीला ते प्रामाणिक वाटलं.

"मग ऐक. पिण्याच्या पाण्यात घाण मिसळायला लागली की कुठल्या नळीतून मिसळते ते आम्ही रंगाने शोधतो. एका ठिकाणी पोपटी टाकायचा आणि बघत राहायचं, कुठे निघतो ते. तू चौघांना चार वेगवेगळ्या गल्ल्या सांग. प्रत्येकाला एकट्याला गाठून. जी गल्ली दुरुस्त होईल, त्या गल्लीच्या माणसाकडे भोक आहे."

"चौघं कोण?"

"मास्तर, कंडक्टरबाई, वायरमन आणि मी. माझी कोणती ते मला सांग, बाकीच्यांच्या मला सांगू नकोस. मीही संशयित आहे."

थोरली बराच वेळ चालत राहिली. "आमच्यात कोणाला एकट्याला काही सांगत नाहीत," ती म्हणाली. "मास्तरांना काय सांगू? बैठकीत ठरलेली गल्ली घाईत बदलली म्हणून?"

"घाईत बदलली म्हणून. आणि कोणाला बोलू नका म्हणून."

"त्यांच्याकडून मी नियम शिकले आणि त्यांनाच..."

"ते नसतील तर त्यांना कधी कळणारही नाही."

धाकटीचा संशय मास्तरांवर होता, पण हे ती बोलली नाही. मास्तरांचा जावई कंत्राटदाराची मालमोटार चालवायचा. मास्तरांनी स्वतःच ते पहिल्या बैठकीत सगळ्यांना सांगितलं होतं, आणि नेमकं तेच धाकटीला खटकत होतं. न विचारता सांगितलेली गोष्ट माणूस पुन्हा तपासत नाही.

थोरलीने तसं केलं. कंडक्टरबाईला तिने डेपोत गाठलं, वायरमनला लॉन्ड्रीत, तो तिथे फ्यूज बसवायला आला होता तेव्हा, आणि मास्तरांना त्यांच्या खोलीवर जाऊन. धाकटीला तिने घरात, दिवा मालवता मालवता सांगितलं. धाकटीच्या वाट्याला भिजट भिंतींची, शौचालयाचं दार मोडलेली गल्ली आली.

ठरलेल्या दिवशी सकाळी धाकटी कामावर जायच्या आधी आपल्या गल्लीतून फिरून आली. दार मोडलेलंच होतं. तिला एकदम हलकं वाटलं आणि लगेच त्याची लाज वाटली. आपण निर्दोष आहोत हे तिला आधीच माहीत होतं. मग दार मोडलेलं बघून एवढा आनंद कशाचा?

थोरली उरलेल्या तीन गल्ल्या बघून आली होती. ती स्वयंपाकघरात उभी होती, पदराने कोरडे हात पुसत.

"पायऱ्या तशाच आहेत," ती म्हणाली. "दिवा तसाच आहे. सार्वजनिक नळाचा कट्टा फोडून नवीन करताहेत. पाईपही नवा घालताहेत."

"नळाची गल्ली कोणाची?"

थोरली खाली बसली. आईने तिच्याकडे पाहिलं, मग धाकटीकडे, आणि गॅस बंद केला.

"मास्तरांची," थोरली म्हणाली.

संध्याकाळची सभा तिने रद्द केली. घसा बसलाय, असा निरोप सगळ्यांना दिला.

पुढच्या बैठकीला मास्तर नेहमीसारखे सगळ्यांच्या आधी आले. खोलीची किल्ली त्यांच्याकडेच असायची. थोरली वर आली तेव्हा ते फडक्याने टेबल पुसत होते.

"कसा आहे घसा? लोक वाट बघत होते तिथे," ते म्हणाले. "मीच जाऊन सांगितलं त्यांना, की तू यायची नाहीस."

थोरलीच्या तोंडाचा रंग बदलला. इतका निर्ढावलेपणा तिने त्यांच्यात कधी पाहिला नव्हता. बाकीचे येऊन बसेपर्यंत ती उभीच राहिली.

"मास्तर, निवडणूक होईपर्यंत तुम्ही बैठकीला येऊ नका."

"का?"

"विचारू नका."

मास्तरांनी फडकं घडी करून टेबलावर ठेवलं. "विचारू नका, असं तू मला सांगतेस?"

 कोपऱ्यात धाकटी आपल्या बोटांकडे बघत होती. मास्तरांनी एकेकाकडे पाहिलं. जणू वर्गात प्रश्न टाकलाय आणि कोणीतरी हात वर करेल. कोणी केला नाही. मग त्यांनी खिशातून किल्ली काढली, टेबलावर ठेवली आणि कठड्याला धरून हळूहळू जिना उतरले. खाली सायकलवाल्याने त्यांना काहीतरी विचारलं. त्यांनी उत्तर दिल्याचं ऐकू आलं नाही.

"जावई," वायरमन म्हणाला. "मला आधीच वाटलं होतं."

"तुला काय, सगळंच आधी वाटतं," कंडक्टरबाई म्हणाली. मग ती पुढे म्हणाली, "मास्तर फितूर निघाले म्हटल्यावर मी आता नवऱ्याचेही खिसे तपासणार." पण ती हसत नव्हती.

त्यानंतरच्या सभेची गल्ली जशीच्या तशी मोडकी राहिली. कोणी खड्डा बुजवला नाही, कोणी पावडर टाकली नाही. सगळं सिद्ध झालं. थोरलीने खड्ड्याकडे हात केला आणि खड्डा जागेवर होता.

"खड्ड्याचं राहू द्या," एक म्हातारी म्हणाली. "त्याला आम्ही वळसा घालतो. कचऱ्याची गाडी महिना झाला आली नाही, त्याचं बोला."

थोरलीला कचऱ्याच्या गाडीबद्दल काही माहीत नव्हतं. ती थोडी अडखळली आणि सर्वसाधारण बोलली. लोक हसले नाहीत, पण लवकर पांगले. परतताना वायरमन म्हणाला, "निदान फुटलं तरी नाही." सगळ्यांनी मान हलवली. स्टूल त्या दिवशी धाकटीला जड वाटलं.

नवीन पाईप टाकला की पाण्याचा नमुना तपासावा लागतो. त्या आठवड्यात नळाच्या गल्लीचं काम धाकटीकडे आलं. ती बाटल्यांची पेटी घेऊन गेली. कट्टा छान झाला होता, उताराचा, पाणी साचू न देणारा. तिने नळ थोडा वेळ वाहू दिला, बंद केला, तोटीचं तोंड छोट्या ज्योतीवर तापवलं आणि पुन्हा चालू केला. बादली घेऊन आलेली एक चष्मेवाली बाई लक्ष देऊन बघत होती.

"भाजताय कशाला त्याला?"

"तोटीवरचे जंतू मरावेत म्हणून. नाहीतर पाण्यातले कोणते नि तोटीवरचे कोणते ते कळत नाही."

"हुशारी आहे," बाई म्हणाली. "पालिकेच्या ना तुम्ही? मग तुम्हाला सांगायला हरकत नाही. लग्न होऊन आले तेव्हापासून हा नळ गळत होता. अर्ज केले, भांडून झालं. शेवटी मास्तर आले आणि काम झालं."

धाकटीच्या हातातली बाटली अर्धी भरली होती. तिने ती नळाखालून बाजूला घेतली. "कोण मास्तर?"

"ते समाजवाद्यांचे, जाड भिंगांचे. दारोदार विचारत होते, तुम्हाला काय त्रास आहे, सगळ्यात जास्त कशाचा आहे. घरात घेतलं तर बसतात, नाही घेतलं तर उंबऱ्यात उभं राहून ऐकतात. ते वळले आणि सासूबाई म्हणाल्या, झालं बघ नळाचं."

"म्हणजे?"

बाईने आजूबाजूला पाहिलं, पण आवाज काही खाली आणला नाही. "अहो, मास्तर विचारून गेले की ओळखायचं, उद्यापरवा त्यांच्या ताई येणार आणि त्याच्यावरच बोलणार. मग लगेच कंत्राटदाराच्या ऑफिसात कळवायचं, की बाबा रे, उद्या तुझी नळावरून अब्रू जाणार आहे. की त्याची माणसं हजर. पलीकडच्या गल्लीने गटार असंच करून घेतलं. आमच्याकडून माझ्या दिराने फोन केला."

"तुमच्या दिराने."

"तो नाही तर दुसऱ्या कोणी केला असता. कोपऱ्यावरच्या वाण्याने पण केला म्हणे, स्वतःहून." ती बादली नळाखाली सरकवत म्हणाली, "आता मागची गल्ली विचारते, मास्तर आमच्याकडे कधी. हल्ली फिरकत नाहीत. आजारी आहेत का हो?"

"नाही," धाकटी म्हणाली. मग तिला वाटलं, हेही आपल्याला नक्की माहीत नाही.

अर्धी भरलेली बाटली तिने ओतून टाकली आणि नमुना नव्याने घेतला.  रंग टाकायच्या आधी ती नेहमी नळ्यांचा पूर्ण नकाशा मागायची. कुठली नळी कुठे जोडलीय हे माहीत नसेल तर रंग कुठेही निघाला तरी त्याचा अर्थ लागत नाही. इथे तिने नकाशा न मागता रंग टाकला होता. कोणी सांगितलं, एवढंच तिने विचारलं होतं. गल्लीला आधी कसं कळू शकतं, हे कोणालाच विचारलं नव्हतं.

ती तशीच लॉन्ड्रीत गेली. आत रोलरवर ओल्या चादरी चढत होत्या आणि पलीकडून कडक, वाफाळत्या निघत होत्या. थोरली आणि आणखी एक बाई दोन टोकं धरून घड्या घालत होत्या. धाकटीने त्या बाईच्या हातातून टोक घेतलं आणि तिला खुणेने बाजूला जायला सांगितलं.

"ताई, सभेच्या आधी मास्तर गल्लीत जातात?"

"ऐकायला? जातातच." थोरलीने चादर ताणली. "न ऐकता बोलायचं नाही, ही त्यांची पहिल्यापासूनची रीत आहे. आधी मीही जायचे. हल्ली वेळ नसतो, म्हणून ते एकटे जातात."

"हे तू मला सांगितलं नाहीस."

"त्यात सांगायचं काय? पानावर बसण्याआधी हात धुतले, हे कोणी सांगतं का?"

"तू त्यांना नळाची गल्ली एकट्याला सांगितलीस. कोणाला बोलू नका म्हणालीस. तरी ते ऐकायला गेले."

"ऐकणं म्हणजे बोलणं नव्हे, असंच म्हणतील ते..." थोरली थांबली. चादर मध्येच लोंबली आणि तिची कड ओल्या फरशीला टेकली.

धाकटीने बाईचं सगळं बोलणं सांगितलं, दिरासकट आणि वाण्यासकट. "कंडक्टरबाई आणि वायरमन गेले नाहीत, कारण तू गप्प राहायला सांगितलंस आणि ऐकायला जाणं हे त्यांचं कामच नव्हतं. मीही गेले नाही. चौघांत आपलं काम केलं ते एकट्या मास्तरांनी. म्हणून तीच गल्ली दुरुस्त झाली."

रोलर चालू होता. पलीकडून कोणीतरी ओरडलं, "अगं घड्या घाला की, इकडे ढीग लागलाय." थोरलीने खाली टेकलेली चादर उचलली, बघितली आणि पुन्हा धुवायच्या गाड्यात टाकली.

संध्याकाळी ती एकटीच मास्तरांच्या खोलीवर गेली. तिथे काय बोलणं झालं ते तिने घरी सांगितलं नाही. आईने विचारलं, तेव्हा ती एवढंच म्हणाली, "बैठकीला येतो म्हणाले. बाकी काही नाही म्हणाले."

बैठकीला ते सगळ्यांच्या नंतर आले. टेबलाशी त्यांची खुर्ची मोकळी होती, पण ते दाराजवळच्या बाकावर बसले. थोरलीने उभं राहून सगळं सांगितलं, सगळ्यांना. चार गल्ल्या, एकेकाला गाठून सांगितलेलं खोटं, नळाचा कट्टा, गल्लीतल्या बायका. कल्पना धाकटीची होती हे तिने सांगितलं नाही. मी ठरवलं, मी केलं, असंच म्हणाली. धाकटी तोंड उघडणार तोच तिने तिच्याकडे असं पाहिलं, की धाकटीने ते मिटलं.

"म्हणजे कोणी फितूर नव्हतंच," वायरमन म्हणाला. मग त्याच्या लक्षात आलं. "मला कोणती सांगितली होतीत?"

"दिव्याची."

"आणि बाईंना?"

"पायऱ्यांची."

कंडक्टरबाईने आपल्या चामडी पिशवीचा पट्टा उगाच घट्ट केला. "मी नवऱ्यालाही बोलले नाही," ती म्हणाली. "दोन दिवस पोटात ठेवलं. मला वाटलं होतं, तू भरवसा टाकलास माझ्यावर."

 

"तू माझ्या बहिणीबद्दल बोललीस तेव्हा," थोरली म्हणाली, "मीही ते पोटात ठेवलं होतं."

कंडक्टरबाईने कोपऱ्याकडे पाहिलं, धाकटीकडे, आणि लगेच नजर काढून घेतली. "तेव्हा माझ्या मनात..." तिने वाक्य सोडून दिलं. मग विषय बदलायचा म्हणून ती म्हणाली, "बरं मग सोपं आहे. मास्तरांना रोज एका गल्लीतून फिरवा. मतदानापर्यंत गाव चकाचक. निवडणूक बारा महिने ठेवा म्हणावं."

"आणि मतं त्याला," वायरमन म्हणाला.

"पडू देत," थोरली म्हणाली. "आपण ऐकायला जायचं. लोकांना नळ हवाय, तो त्यांनी आपल्याकडून करून घेतला की त्याच्याकडून, ते त्यांचं डोकं. स्टुलावर चढून मी एवढंच सांगीन, की हे आम्ही विचारलं म्हणून झालं आणि निवडणूक संपली की विचारणारंही कोणीतरी लागेल." तिने टेबलावरची किल्ली उचलली आणि बाकापर्यंत गेली. "मास्तर, ही तुमच्याकडे."

मास्तरांनी किल्ली घेतली नाही. चिडून नाही, त्यांनी हात मांडीवरून उचलला नाही इतकंच.

"किल्ली राहू दे तुझ्याकडे," ते म्हणाले. "ऐकायला मी जाईन. ते मी सोडणार नाही. पण यापुढे एकटा जाणार नाही. दोघांनी जायचं."

"का? लोक तुम्हालाच बोलतात सगळं."

"मी काय ऐकलं आणि कोणाला काय बोललो, याला साक्षीदार असू दे. तुमच्यासाठी नाही. माझ्यासाठी."

"मास्तर, आता कोणाला संशय नाही," वायरमन म्हणाला.

"आज नाही," मास्तर म्हणाले.

थोरलीने किल्ली मुठीत धरली. ती वाद घालेल असं धाकटीला वाटलं. तिला वाद चांगला घालता यायचा. पण तिने मुकाट्याने नकाशाकडे पाहिलं आणि एका गल्लीवर बोट ठेवलं. "उद्या ही. मी येते तुमच्याबरोबर."

दुसऱ्या दिवशी पाळी सुटल्यावर ती थेट तिकडे गेली. धाकटीही गेली, पण नाक्यावरच थांबली. मास्तरांनी पहिल्या दाराची कडी वाजवली. आतून एक म्हातारा डोकावला, त्याने मास्तरांना ओळखलं आणि दार पूर्ण उघडलं.

"मी ऐकायला आलोय," मास्तर म्हणाले. "तुम्हाला सगळ्यात जास्त त्रास कशाचा आहे?"

म्हाताऱ्याने त्यांच्या मागे उभ्या असलेल्या थोरलीकडे पाहिलं आणि जरा विचारात पडला. मास्तर एक पाऊल बाजूला सरकले, तिला दोघांची तोंडं नीट दिसावीत म्हणून, आणि त्यांनी तोच प्रश्न पुन्हा विचारला. या वेळी आवाज इतका मोठा होता, की नाक्यावर उभ्या असलेल्या धाकटीलाही शब्द न् शब्द ऐकू आला.